तळ वर येणारी लिनन ट्रॉली: ओल्या चादरींसाठी घ्या, मळक्या पिशव्यांसाठी नको

खोल ट्रॉलीच्या तळाशी उरलेल्या शेवटच्या दहा-बारा ओल्या चादरी बाहेर काढणं हे रुग्णालयाच्या लाँड्रीतलं कंबरेला सर्वांत महाग पडणारं काम आहे. वरच्या चादरी कुणीही सहज उचलतो. तळाच्या चादरींसाठी मात्र पोट कठड्यावर दाबून, एक पाय उचलून, हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, आणि त्याच अवस्थेत ओल्या कापडाचा गुंता ओढायचा असतो. स्प्रिंगवर वर-खाली होणाऱ्या तळाची ट्रॉली याच क्षणासाठी बनवलेली आहे. हा आढावा एखाद्या कंपनीच्या मॉडेलचा नसून ट्रॉलीच्या या प्रकाराचा आहे, कारण तिची रचना सगळीकडे जवळपास सारखी असते आणि ती घेताना, वापरताना होणाऱ्या चुकाही त्याच त्याच असतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. धुऊन निघालेलं ओलं कापड, इस्त्रीला जाणारं कापड आणि घडी घालायला आलेलं कोरडं कापड, म्हणजे जे एकेक करून हाताळायचं असतं, त्यासाठी ही ट्रॉली पैसे वसूल करून देते. वॉर्डांतून येणाऱ्या मळक्या कपड्यांच्या भरलेल्या पिशव्यांसाठी ती चुकीची आहे, आणि नेमकी तिथेच ती पुष्कळदा आणून ठेवली जाते.

तळ वर आल्याने नक्की किती फरक पडतो

हा फरक मोजता येतो. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेलं वजन उचलण्याचं सूत्र २३ किलोपासून सुरू होतं. सगळी परिस्थिती आदर्श असेल तर एवढं वजन चालेल असं ते मानतं, आणि मग प्रत्येक अडचणीसाठी त्या आकड्याला कात्री लावतं. भार शरीरापासून किती लांब आहे, हात जमिनीपासून किती उंचीवर आहेत, किती वर उचलायचं, किती वळायचं, पकड कशी, मिनिटाला किती वेळा, असे सहा गुणक आहेत.

८० सेंटिमीटर खोल, स्थिर तळाच्या ट्रॉलीच्या बुडातून कापड काढताना हात जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटरवर असतात. कठडा मध्ये येत असल्याने भार शरीरापासून ५५ सेंटिमीटर लांब राहतो. कापड ७५ सेंटिमीटर वर आणून बाजूच्या टेबलाकडे ४५ अंश वळायचं, ओल्या गुंत्याला धड पकड नाही, आणि हे मिनिटाला चार वेळा. या आकड्यांनी गणित मांडलं तर तासाभराच्या कामासाठी शिफारस होते साधारण ५ किलोची. तेच काम पाळीभर चालणार असेल तर मर्यादा २.७ किलोच्या आसपास येते.

आता तळ वर आला असं धरा. हात ७५ सेंटिमीटरवर, भार ३५ सेंटिमीटर लांब, उचल २५ सेंटिमीटर, टेबल समोर असल्याने वळणं नाही. कापड तेच, पकड तीच, वेग तोच. मर्यादा तासाभरासाठी १२.४ किलो आणि पाळीभरासाठी ६.७ किलो होते.

दीड बाय सव्वादोन मीटरची साधी सुती चादर कोरडी असताना अर्ध्या किलोच्या आसपास भरते. नीट पिळून निघालेल्या सुती कापडात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याएवढं पाणी उरतं, म्हणजे ओली चादर पाऊण किलोची. एकमेकींत गुंतलेल्या पाच चादरी एकदम ओढल्या की जवळपास ४ किलो झाले. स्थिर तळाच्या ट्रॉलीत हे दिवसभराच्या मर्यादेच्या जवळपास दीडपट होतं. तळ वर आलेल्या ट्रॉलीत ते आरामात मर्यादेत बसतं. उचलणारा माणूस तोच, कापडही तेच. बदलली ती फक्त तळाची उंची.

एक बारकावा मात्र या गणितात दिसतो. टेबल बाजूलाच राहिलं आणि ४५ अंशांचं वळण तसंच राहिलं, तर १२.४ चे १०.६ होतात. त्यामुळे ट्रॉली घेतली आणि टेबल जिथे होतं तिथेच ठेवलं, तर मिळालेल्या फायद्यातला एक तुकडा परत जातो. ट्रॉली आणि टेबल यांच्यात एक पाऊल टाकता येईल एवढी जागा ठेवा. जागा अगदी चिकटून असेल तर माणूस पाय न हलवता कंबरेतून वळतो. पाऊल टाकावं लागलं की सगळं शरीर वळतं.

स्प्रिंगचा हिशेब

चौकटीला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगांच्या रांगा असतात आणि त्यांवर तळाचा पत्रा लटकतो. कापड टाकलं की तळ खाली जातो, काढलं की वर येतो. सगळी मेख एकाच गोष्टीत आहे: जेवढ्या उंचीचं कापड टाकलं, तळ बरोबर तेवढाच खाली गेला पाहिजे. मग ढिगाचा माथा कायम कठड्याच्या पातळीवर राहतो. स्प्रिंग कडक असेल तर तळ दबत नाही, ढीग कठड्याच्या वर जातो आणि घसरून खाली पडतो. नरम असेल तर दोन-चार गुंते टाकताच तळ बुडाला टेकतो, आणि तुमच्याकडे पुन्हा तीच जुनी खोल ट्रॉली उरते, फक्त जास्त महागाची.

कंपनीच्या माहितीपत्रकात ‘क्षमता १५० किलो’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा चौकट किती वजन पेलेल ते सांगतो, तळ किती दबेल ते सांगत नाही. विचारायचं ते हे: दर १० किलोमागे तळ किती सेंटिमीटर खाली जातो? विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर स्वतः मोजा. आपल्याच लाँड्रीतलं १० किलो पिळलेलं कापड साध्या खोक्यात, ट्रॉलीत टाकतो तसंच सैल टाका. खोक्याच्या तळाचं क्षेत्रफळ ट्रॉलीच्या तळाएवढं असू द्या. ढिगाची उंची पट्टीने मोजा. मग तेच कापड ट्रॉलीत टाका आणि तळ किती उतरला ते पाहा. दोन आकड्यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालतो. एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट किंवा निम्मा असेल तर ती स्प्रिंग तुमच्या कापडासाठी नाही.

हीच चाचणी कोरड्या कापडावर केली तर दुसरंच उत्तर येतं, आणि यायलाच हवं. सैल टाकलेलं कोरडं कापड तेवढ्याच वजनाला कितीतरी जास्त जागा खातं. म्हणून एकच ट्रॉली सकाळी ओल्या चादरींना आणि दुपारी कोरड्या टॉवेलांना वापरली की एका कामात तरी ती चुकतेच. चांगल्या ट्रॉलीत स्प्रिंगा हुकांत अडकवलेल्या असतात आणि त्यांतल्या काही काढून ताण कमी करता येतो. ही सोय असेल तरच एका ट्रॉलीवर दोन कामं करा, आणि तीही रोज बदलत बसू नका. ओल्याची ट्रॉली वेगळी, कोरड्याची वेगळी, अशी रंगीत पट्टी लावून ठेवलेली बरी. स्प्रिंग काढताना ट्रॉली पूर्ण रिकामी हवी. भरलेल्या ट्रॉलीत स्प्रिंग ताणलेली असते आणि सुटली तर बोटं सोलून काढते.

कुठे बिघडते

स्प्रिंगा थकतात, आणि त्या एकदम तुटत नाहीत, त्यामुळे लक्षात येत नाही. तळ दर महिन्याला थोडा खाली बसतो, लोक थोडं जास्त वाकतात, आणि वर्षभराने ‘या ट्रॉलीचा काही उपयोग नाही’ असं मत तयार होतं. उपाय साधा आहे. नवी ट्रॉली आली त्या दिवशी रिकामा तळ कठड्यापासून किती खाली आहे ते मोजून ट्रॉलीच्याच अंगावर पक्क्या शाईने लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पट्टी लावा. पाच सेंटिमीटरने खाली गेला की त्या ट्रॉलीच्या सगळ्या स्प्रिंगा बदला. एकच बदलली तर नवी बाजू उचलते, जुनी बाजू मागे राहते, तळ तिरपा होऊन चौकटीत अडकतो.

तिरपा तळ हा खरा त्रास. तळ आणि बाजूची भिंत यांच्यामधल्या फटीत चादरीचा कोपरा शिरला तरीही हेच होतं: तळ अर्ध्यावर अडतो, खालचं कापड काढायला कुणीतरी आत वाकून हिसका देतो, आणि कापड सुटलं की तळ एकदम उसळतो. हिसका आणि उसळी दोन्ही एकाच क्षणी, तेही वाकलेल्या पाठीवर. म्हणून घेताना फट बघा. तळाच्या चारही कडांना मऊ झालर असेल किंवा आतून अखंड अस्तर असेल तर कोपरा शिरत नाही. पत्र्याची नुसती कड असेल आणि फटीत करंगळी जात असेल तर ती ट्रॉली परत पाठवा.

ओल्या कामासाठी तळाला पाणी निघायची भोकं हवीत आणि स्प्रिंगा गंज न धरणाऱ्या हव्यात. तळ हत्यारांशिवाय उचलून बाहेर काढता आला पाहिजे, कारण त्याच्याखाली धाग्यांचा लगदा, कागदाचे बोळे आणि कधी सुईची टोपणं साचतात. तळ निघत नसेल तर ती जागा कधीच साफ होत नाही. मळक्या आणि स्वच्छ कापडाला एकच ट्रॉली वापरायची नाही, हे लाँड्रीत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण सुटीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॉल्या कमी पडल्या की हा नियम सर्वांत आधी मोडतो, म्हणून हव्यात त्याहून दोन जास्तच घ्या.

चाकं

उचलणं वाचवलं आणि ढकलण्यात घालवलं, असं होऊ नये. चाकांवर कंजुषी केलेली ट्रॉली खांदे आणि मनगटं खाते. ७५ मिलिमीटरचं चाक फरशीच्या सांध्यात, लिफ्टच्या फटीत आणि दाराच्या उंबऱ्यात अडखळतं. १२५ मिलिमीटरच्या आतलं घेऊच नका, लांब कॉरिडॉर असेल तर त्याहून मोठं घ्या. लांब सरळ वाटेसाठी दोन चाकं स्थिर आणि दोन फिरती असलेली ट्रॉली सरळ जाते. चारही फिरती असतील तर अरुंद जागेत छान वळते, पण उतारावर कडेकडेने पळते आणि तिला सरळ धरायलाच जोर लागतो.

जोर मोजायला लटकता तराजू पुरतो, सामानाची बॅग मोजायचा असतो तसा. भरलेल्या ट्रॉलीच्या दांड्याला आकडा अडकवून आडवं ओढा आणि ट्रॉली हलताना काटा कुठे गेला ते पाहा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाची, म्हणजे एचएसईची, जुन्या पत्रकातली मार्गदर्शक मर्यादा अशी होती: ट्रॉली सुरू करताना किंवा थांबवताना पुरुषासाठी २० किलो आणि स्त्रीसाठी १५ किलो जोर, चालती ठेवताना १० आणि ७. लाँड्रीत दोघंही काम करतात, म्हणून १५ आणि ७ हेच आकडे धरावेत. आज १० दाखवणारा तराजू सहा महिन्यांनी १८ दाखवत असेल तर ट्रॉली जड झालेली नाही, चाकांच्या आसात धागे आणि केस गुंडाळले गेले आहेत. लाँड्रीत हे होणारच. आठवड्यातून एकदा ट्रॉली आडवी करून कात्रीने ते कापून काढणं, हे या यंत्राचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

उताराचा हिशेब तोंडी करता येतो. बारा मीटर लांबीला एक मीटर चढ असेल तर ट्रॉलीसकट वजनाचा बारावा भाग जोरात मिळवा. १५० किलोला तो १२.५ किलो होतो. सपाटीवर ७ लागत असतील तर चढावर एकोणीस-वीस लागतील. तिथे ट्रॉली अर्धीच भरायची आणि दोघांनी ढकलायची, दुसरा मार्ग नाही. दांडा कोपराच्या किंचित खाली, ९० ते ११० सेंटिमीटरवर असावा. आणि ट्रॉली ढकलायची, ओढायची नाही; ओढताना माणूस मागे वळून पाहत चालतो आणि चाक टाचेवर येतं.

मळक्या पिशव्यांसाठी का नको

इथे जरा थांबायला हवं, कारण लाँड्रीतल्या उचलण्याचा सर्वांत अवघड प्रश्न इथेच आहे आणि बहुतेक प्रशिक्षणं त्याला बगल देतात.

वजन उचलण्याचा पहिला नियम सगळ्यांना पाठ असतो: भार शरीराजवळ धरा. मळक्या कापडाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: पिशवी अंगाला लागू देऊ नका. आत रक्त, मलमूत्र असतं, आणि चादरीच्या घडीत विसरलेली सुई, ब्लेड, चिमटा असू शकतो. पिशवीला मिठी मारली तर सुई पोटात किंवा मांडीत जाते. तळाखाली हात घालून उचलली तर तळहातात जाते. म्हणजे मळकी पिशवी गळ्याला धरून, अंगापासून लांबच न्यायची. आणि लांब धरलेला भार पाठीला कितीतरी जास्त जड पडतो. हा विरोध ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ म्हणून सुटत नाही. तो सुटतो पिशवीचं वजन कमी करून, म्हणजे वॉर्डात, पिशवी भरतानाच.

किती कमी? एचएसईच्या वजन उचलण्याच्या मर्यादांच्या आकृतीत हात लांब असताना स्त्रीसाठी कंबरेच्या पातळीला १० किलो, कोपर ते खांदा या पट्ट्यात ७ किलो आणि खांद्याच्या वर ३ किलो असे आकडे आहेत. आता पिशवी ट्रॉलीत कशी जाते ते डोळ्यांपुढे आणा. दोन-तृतीयांश भरून गळा बांधलेली पिशवी ६० सेंटिमीटर लांब लटकते. ट्रॉलीचा कठडा ७५ सेंटिमीटर. पिशवीचा तळ कठड्यावरून पलीकडे जायचा तर गळा धरलेले हात १३५ सेंटिमीटरवर जायला हवेत. बुटक्या स्त्रीच्या खांद्याच्या हे वर आहे. तिथे मर्यादा ३ किलो, आणि पिशवी ७-८ किलोची. म्हणून लोक काय करतात? पिशवीला एक झोका देतात आणि मांडीने वर ढकलतात. सुईच्या धोक्यात आणि कंबरेच्या पिळात एकाच वेळी उडी.

स्प्रिंगच्या तळाने यात काहीही सुधारत नाही, कारण कठडा तेवढाच उंच राहतो. उलट तळ वर असल्याने पहिल्या तीन-चार पिशव्या माथ्यावर डगमगतात. इथे लागते ती बाजूची फळी खाली पडणारी, ठेंगण्या तळाची साधी जाळीची ट्रॉली. तळ जमिनीपासून ३५-४० सेंटिमीटरवर असेल तर हात १०० सेंटिमीटरच्या वर जात नाहीत, आणि ७ किलोची पिशवी मर्यादेत बसते. त्याहून चांगलं म्हणजे पिशवी स्टँडवरच लटकलेली असताना तिच्याखाली ट्रॉली आणणं आणि हूक सोडणं. मग उचलणंच नाही.

तेव्हा आमचा आकडा ७ किलो. मात्र हा आकडा अधूनमधून उचलण्यासाठी आहे. पिशव्या उतरवण्याच्या वेळी मिनिटाला एक-दोन उचलल्या जात असतील तर एचएसईच्या जुन्या मार्गदर्शनाप्रमाणे ३० टक्के कमी करा, म्हणजे ५ किलो. आणि पाय न हलवता ४५ अंशांपलीकडे वळत असाल तर आणखी १० टक्के.

पिशवीचा आकार यावरून ठरवा. १०० लिटरची पिशवी दिली की ती १०० लिटर भरतेच; कुणालाही अर्धी पिशवी बांधून फेकणं उधळपट्टी वाटते. ६०-७० लिटरची द्या. वॉर्डात तराजू ठेवायला कुणी तयार नसेल तर आपल्याच कापडाने एकदा ७ किलो भरून पिशवीवर त्या उंचीला जाड रेघ मारून घ्या. ही रेघ कोरड्या कापडाची. ओल्या कापडासाठी त्याच पिशवीवर निम्म्या उंचीला दुसरी, वेगळ्या रंगाची रेघ हवी, कारण सुती कापड स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरतं आणि बाहेरून दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतात. सांडलेलं पाणी पुसलेले टॉवेल, अंग पुसायची फडकी, ऑपरेशन थिएटरमधली भिजलेली आवरणं यांची पिशवी नेहमी अपेक्षेपेक्षा जड निघते, आणि कंबर नेमकी ‘अपेक्षेपेक्षा’ या शब्दापाशी दुखावते.

पाण्यात विरघळणाऱ्या पिशव्यांची एक खोड इथे सांगायला हवी. संसर्गाचं कापड त्यांत भरून पिशवीसकट मशीनमध्ये टाकायचं असतं. चिंब कापड त्यांत तासन्‌तास पडून राहिलं तर आतूनच पिशवी मऊ पडते आणि गळ्याला धरून उचलताना बूड निसटतं. बाहेरून दुसरी, न विरघळणारी पिशवी हवीच, आणि चिंब कापड आत टाकताना कोरड्या चादरीत गुंडाळून टाकावं. उकलून, झटकून, वेगळं काढून मात्र पाहू नये.

पिशवी उचलावीच लागली तर

आधी गळ्याला धरून जागच्या जागी थोडी हलवा, वजनाचा अंदाज घ्या. हलवतानाच जड वाटली तर ती एकट्याने उचलायची नाही. दोघांनी उचलताना दुप्पट धरू नका. दोघांच्या एकत्र ताकदीचा दोन-तृतीयांश भागच हाती येतो, कारण दोघांची पावलं आणि क्षण जुळत नाहीत. जड पिशवी उघडून कापड कमी करायचं नाही, ती तशीच सरकत्या पाटावरून किंवा ठेंगण्या ढकलगाडीवरून न्यायची.

पाय खांद्याएवढे फाकवून, एक किंचित पुढे. दोन्ही हातांनी बांधलेल्या गळ्याला पकड, अंगठे बाहेरच्या बाजूला. जाड हातमोजे आणि पाणी न शिरणारा एप्रन. गुडघ्यांत थोडं बसून, पिशवी मांड्यांच्या बाजूला न धरता समोर, एका वितीच्या अंतरावर ठेवत पायांच्या जोरावर उठा. चार पावलांपेक्षा जास्त न्यायची असेल तर आधी ट्रॉली जवळ आणा. खांद्यावर टाकायची नाही, फरपटत न्यायची नाही; फरपटलेल्या पिशवीचं बूड झिजतं आणि पुढच्या उचलीत फाटतं. दोन्ही हातांत एकेक पिशवी धरून चालण्याची सवय वेळ वाचवते असं वाटतं, पण एका हाताने धरलेली पिशवी चालताना पायाला आपटत राहते, आणि सुई लागायची ती तिथे लागते.

मशीनच्या दारापाशी

स्प्रिंगच्या ट्रॉलीची खरी कमाई इथे आहे. पुढून उघडणाऱ्या मोठ्या मशीनमधून निघालेल्या चादरी एकमेकींत वळून दोरखंड झालेला असतो. एक टोक धरून जोरात खेचलं की सुरुवातीला काही येत नाही आणि मग एकदम दहा किलो अंगावर येतं. पिळण्यानंतर ड्रम दोन्ही दिशांना थोडा वेळ सावकाश फिरवला तर हा दोरखंड सुटतो. मशीनमध्ये तो टप्पा असेल तर वेळ वाचवण्यासाठी तो बंद करू नका. ट्रॉलीचा कठडा मशीनच्या दाराच्या खालच्या कडेच्या किंचित खाली हवा, म्हणजे कापड उचलावं लागत नाही, ओघळून ट्रॉलीत पडतं. कठडा दारापेक्षा वर असेल तर प्रत्येक गुंता आधी वर आणि मग आत असा जातो. ट्रॉलीचा ब्रेक लावायला विसरलं की ओढताना तीच मागे सरकते आणि माणूस तोल सावरत वळतो. म्हणून दोन्ही मागच्या चाकांचा ब्रेक एकाच पायपट्टीने लागणारा असावा.

ड्रमच्या मागच्या बाजूला चिकटलेली कापडं काढायला आत झुकू नका. आखूड दांड्याचा, बोथट टोकाचा आकडा त्यासाठी पुरतो. मशीन ओव्हरलोड केलं तर मागचं कापड चिकटतंच, आणि धड पिळूनही निघत नाही. पाणी नीट न निघालेल्या, कोरडा असताना ३० किलो भरणाऱ्या घाण्याचे ४५ ऐवजी ६० किलो होतात. ट्रॉलीच्या स्प्रिंगा ४५ साठी लावलेल्या असतील तर त्या दिवशी तळ बुडाला टेकलेला दिसेल. तो दिसला की ट्रॉलीला दोष देण्याआधी मशीनकडे बघा.

ट्रॉलीऐवजी जे विकलं जातं

कमरेचे पट्टे घेऊ नका. नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं होतं की निरोगी कामगाराची दुखापत पट्ट्याने टळते याला पुरेसा पुरावा नाही, आणि त्यानंतरच्या त्यांच्या मोठ्या पाहणीतही फायदा दिसला नाही. ‘योग्य पद्धतीने उचला’ एवढ्याच प्रशिक्षणाचंही तसंच; वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात सल्ल्याने आणि प्रशिक्षणाने पाठदुखी टळल्याचं दिसलं नाही. शिकवणं सोडू नका, पण शिकवण्याचे पैसे आणि ट्रॉलीचे पैसे यांत निवड करायची असेल तर ट्रॉली निवडा.

पिशवी उचलून उलटी करणारी विजेची यंत्रं उत्तम काम करतात, पण दिवसाला शेकडो पिशव्या येत असतील तरच. लहान लाँड्रीत ती कोपऱ्यात पडून राहतात.

घेण्याआधी

एक ट्रॉली आठवडाभर चाचणीसाठी मागा आणि ती सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या अशा दोन कर्मचाऱ्यांना, सर्वांत ओल्या कामावर वापरायला द्या. कठडा बुटक्या माणसाच्या कोपराच्या वर येत असेल तर तळ कितीही वर आला तरी खांदे उचललेलेच राहतात. १० किलोची स्प्रिंग चाचणी, तराजूची चाचणी आणि फटीतल्या करंगळीची चाचणी पहिल्याच दिवशी करा. आठवड्याच्या शेवटी बाजूला उभं राहून ट्रॉली रिकामी होताना बघा आणि शेवटची चादर काढणाऱ्याची कोपरं कुठे आहेत तेवढंच पाहा. कठड्याच्या वर असतील तर ट्रॉली ठेवून घ्या. आत बुडाली असतील तर दुसऱ्या ताणाच्या स्प्रिंगा मागवा, आणि त्या येईपर्यंत बिल भरू नका.